हिराशेठचं जॅझ टेसन

हिराशेठ भगत सकाळी भेटले की राम राम करत नाहीत, तब्येत विचारत नाहीत, नळाला पाणी आलं का तेही विचारत नाहीत. मी दूध घ्यायला गेटाशी आले की सरळ सांगतात, "बाय, आज मांजरवाला ओला हाय. टोपीवाला त्यातल्या त्यात बरा. दिवावाला लावूच नको, निस्ता चिखल."

नव्या माणसाला वाटेल, हे बाजारातल्या मिठाबद्दल चाललंय. भाषा मिठाचीच आहे, तुमचं चुकलं नाही. पण विषय जॅझचा आहे. मांजरवाला, टोपीवाला, दिवावाला ही तिकडची, समुद्रापलीकडची रेडिओ स्टेशनं. हिराशेठना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून फोनवर स्टेशनाच्या नावाशेजारी जे चित्र असेल तेच त्याचं नाव. आणि चव सांगायची तर मिठाची, कारण त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या मीठच पिकवलं. उरणच्या बाजूला त्यांचं मिठागर होतं. ते गेलं, शेती गेली, सुकापुरातल्या जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली, आणि हिराशेठ मोकळे झाले. मोकळ्या माणसाला काहीतरी लागतंच. कुणी भजनाला जातो, कुणी निवडणुकीला उभा राहतो. हे जॅझ लावून बसले.

त्या इमारतीत तळमजल्यावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. इमारतीला लिफ्ट नाही, पण ओटा आहे. नकाशा काढणाऱ्यानं पुढच्या मोकळ्या जागेत सगळीकडे गाड्या दाखवल्या होत्या. हिराशेठनी त्यातल्या एका गाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हिला काढ, इथं मी बसनार. तेव्हापासून तिथे सिमेंटचा ओटा आहे. ओट्यावर चटई, चटईवर हिराशेठ, त्यांच्या मांडीवर फोन आणि शेजारी चहाच्या डब्याएवढा गोल स्पीकर.

फोन आणि स्पीकर त्यांच्या खारघरच्या मुलानं आणून दिला. मुलगा तिकडे टॉवरमध्ये राहतो. आई गेल्यापासून बाबा एकटे असतात, त्यांना भजनं ऐकू देत, म्हणून त्यानं जगभरची स्टेशनं असलेला रेडिओ फोनमध्ये घालून दिला. आता हिराशेठचा अंगठा पाहिलात तर तुम्हाला कळेल पुढे काय झालं असेल. मिठागरातलं फावडं धरून तो अंगठा चांगला रुंद झालेला आहे. दाबायचं होतं भजन, दाबलं गेलं भलतंच, आणि स्पीकरमधून क्लॅरिनेट वाजायला लागलं.

मी समोरच वाल सोलत होते. हिराशेठ फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, काय लिवलंय बग. माझं इंग्रजी म्हणजे एकेक अक्षर उचलून पुढे ठेवायचं. जे, ए, झेड, झेड. मी म्हटलं, याला जॅझ म्हणतात बहुतेक. त्यात म्हणे ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो.

"सगले आपापला वाजवतान, पन पोचतान येकाच टायमाला," हिराशेठ म्हणाले. "यो त आपला हलदीचा बेंड झाला."

झालं. त्या दिवसापासून भजन मागे पडलं.

पण कुठलंही जॅझ चालेल असं नाही हं. हिराशेठचे नियम आहेत. पहिला नियम, टेसनात माणूस पाहिजे. काही स्टेशनांवर म्हणे माणूसच नसतो, मशीन एकामागून एक गाणी लावत राहतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस म्हणाले, बाय, इथं मानूस नाय, कालच्या माळेत यो मणी याच जागी व्हता. मग त्यांनी असं टेसन शोधलं की जिथला निवेदक मध्येच खोकतो. तो काय बोलतो त्यातलं अक्षर कळत नाही, पण तो खोकला की हिराशेठ समाधानानं मान हलवतात. पुढे त्याचा खोकला वाढला तर यांना काळजी. गवती चहा पी म्हणावं, असं फोनकडे बघून सांगायचे.

दुसरा नियम, बडबड नको. तिकडे काही स्टेशनांवर वाजवतात कमी आणि कुणी वाजवलं, कुणाबरोबर वाजवलं, हे सांगतात जास्त. हिराशेठच्या मते हे म्हणजे मासळी विकायला बसायचं आणि गिऱ्हाइकाला समुद्राची माहिती सांगायची. मध्येच कधीतरी एखादं टेसन लोकांकडे मदत मागायला लागतं, चार-आठ दिवस तेच चालतं. ते मात्र त्यांना खटकत नाही. वर्गणी हाय, म्हणतात, मागायलाच पायजे, नायतर मंडल चालल कसा?

तिसरा नियम सगळ्यात कडक. गुळगुळीत जॅझ बंद. म्हणजे मॉलमध्ये, हॉटेलात लागतं ना, ऐकू येतं पण कानाला लागत नाही, ते. हिराशेठ त्याला पुडीतलं मीठ म्हणतात. दिसायला पांढरंशुभ्र, भुरभुर पडतं, चव कुठेच नाही. नवीन पनवेलला ते दाढ काढायला गेले होते. दवाखान्यात नेमकं तसलं जॅझ मंद लावलेलं. सुई टोचून झाली होती, अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, आणि हे खुर्चीतून उठून काउंटरवरच्या मुलीला खुणा करायला लागले. तिला वाटलं, चक्कर येतेय. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. यांनी खिशातून फोन काढून तिला टोपीवाला दाखवला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं टोपीवाला लावला आणि मगच दाढ निघाली. घरी आल्यावर मला दाढ दुखली का ते सांगितलं नाही. सांगितलं ते हे, की दवाखाना सुधरला.

आता तुम्ही विचाराल, एवढं ऐकायचं तर कानाला लावून ऐकावं, अख्ख्या गल्लीला कशाला? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग एकदा माझ्या लक्षात आलं की स्पीकरचं तोंड हिराशेठकडे नसतंच. ते गल्लीकडे असतं. गल्ली म्हणजे एक रिक्षा जाईल आणि दुसरी थांबेल एवढी. आणि गल्लीच्या पलीकडे, ओट्याच्या बरोबर समोर, नथूभाऊंची खिडकी.

नथूभाऊ म्हणजे सुकापूरच्या हळदीच्या बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचं नि हिराशेठचं बालपण एकाच तळ्यात गेलेलं. हिराशेठच्या स्वतःच्या हळदीला नथूभाऊंनी पहिल्यांदा बँड उभा केला, आणि मग गल्लीतल्या प्रत्येक हळदीला तेच. इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अंगणात मांडव, बाया धवले गातायत, आणि हळद चढायच्या आधी बँडच्या मास्तरला मानाचा नारळ द्यायचा. नारळ हातात आल्याशिवाय मास्तर वाद्य तोंडाला लावत नाही आणि मास्तरनं सूर लावल्याशिवाय हळद लागत नाही. अशी रीत.

हिराशेठच्या वैशालीचं लग्न ठरलं तेव्हा पोरीला आणि तिच्या मैत्रिणींना डीजे पाहिजे होता. एकच मुलगी. हिराशेठ हो म्हणाले. इथवर ठीक होतं. पण नथूला काय सांगायचं? हिराशेठनी विचार केला, की दरवेळी बिचारा उभा राहून वाजवतो, कधी पंगतीत नीट बसून जेवत नाही; या वेळी पाहुणा म्हणून येईल, आरामात बसेल. आपल्या मनानं त्यांनी मित्राला सुट्टी दिली. आणि मानाचा नारळ पत्रिकेबरोबर दुसऱ्याच्या हाती त्यांच्या घरी पाठवून दिला.

बाई गं, ज्याच्याकडून वाजवून घ्यायचं नाही त्याला मानाचा नारळ घरपोच. अशी चूक करायला माणूस मनानं चांगलाच असावा लागतो.

नथूभाऊ नारळ घेऊन आले, मांडवाच्या खांबाशी ठेवला आणि निघून गेले. आत दोन भिंतींएवढे स्पीकर हादरत होते, त्यामुळे ते आलेले-गेलेले कुणाला कळलंही नाही. क्लॅरिनेट पेटीत गेलं आणि पेटी माळ्यावर गेली. बँड मोडला. वैशालीचा मुलगा आता शाळेत जातो, इतकी वर्षं या दोघांचा अबोला.

गल्ली अशी अरुंद, रोज तोंड समोर येणार, म्हणून अबोल्याचीही एक पद्धत बसली. नथूभाऊंना सांगायचं असेल की तुझ्या टाकीचं पाणी वाहतंय, तर ते गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला सांगत, काय रे, लोकांच्या टाक्या वाहतात. रिक्षावाला म्हणे, माझी कुठेय टाकी. हिराशेठ गुपचूप उठून कॉक बंद करत.

एकदा मी सरळ विचारलं, "हिराशेठ, जाऊन बोलून का नाही टाकत तुम्ही?"

"मी कसा बोलू? रुसलाय त्यो. आदी त्यानं बोलायला पायजे."

"मग हे रोजचं वाजवणं कशाला?"

फोनवरची चित्रं सरकवत म्हणाले, "आयकायला त येईल. आयकायला आला क बसंल. बसला क बोलंल."

तर असा सगळा मामला होता. चांगलं टेसन पाहिजे होतं ते नथूभाऊंना गल्लीच्या अलीकडे आणायला. त्यातही क्लॅरिनेट असलेलं. चांगली दोन वर्षं हा माणूस जगभर क्लॅरिनेट शोधत होता, या सिमेंटच्या ओट्यावर बसून. सकाळी इकडे ऊन येतं तेव्हा तिकडे दिवे लागतात आणि संध्याकाळचं चांगलं वाजवायला घेतात, हेही त्यांना पाठ झालं. दिवसातलं सगळ्यात चांगलं टेसन हेरून ठेवायचं आणि नथूभाऊंची दुपारची झोप झाली की लावायचं.

नथूभाऊंच्या बायकोला आम्ही हौसावहिनी म्हणतो. त्या पाणी भरायला आल्या की मी खबर घ्यायची आणि इकडे पोचवायची. म्हणाल्या, आयकतान ना, खाटेवर पडून आयकतान, डोले मिटलेले आनि पायाचा अंगठा हालतंय. चहा दिला तर गार होतो. पन उठत नाय.

हे ऐकून हिराशेठ पेटले. अंगठा हलतोय म्हणजे माल बरोबर आहे, आणखी बारीक चाळणी लावली पाहिजे. मांजरवाला गेला, टोपीवाला मागे पडला. आणि एक दिवस त्यांना निळ्या दारवाला सापडला. हे टेसन खरंच वेगळं. जुन्या तबकड्या लावतात, खरखर तशीच ठेवतात, मध्ये कुणी बोलत नाही. त्या दुपारी त्यावर कुणीतरी असं क्लॅरिनेट वाजवलं, की मला जॅझमधलं काही कळत नाही तरी माझा हात तांदळात तसाच राहिला. रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली. हिराशेठ समोरच्या खिडकीकडे बघत होते.

खिडकी अर्धी उघडी होती तशीच अर्धी उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी हौसावहिनी म्हणाल्या, काल डोळे पुसत होते, पण कूस बदलून झोपले. हिराशेठनी ऐकलं आणि फोन खाली ठेवला. "याच्यावर आता कनचा आनू, बाय? याच्यावर टेसन नाय." मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन-तीन दिवस ओट्यावर नुसते बसत होते. गल्ली अगदी बेचव झाली. त्यांचाच शब्द.

मग एका दुपारी त्यांनी काहीतरी लावलं आणि भिंतीला टेकून झोपले. नेट अडखळलं असेल किंवा झोपेत अंगठा लागला असेल. भलतंच टेसन सुरू झालं. कुणीतरी क्लॅरिनेटच घेतलं होतं हातात, पण काय सांगू तुम्हाला! सूर धरायचा आणि ऐन वेळी सोडून द्यायचा. वर चढायचा आणि घाबरून खाली यायचा. मी उठून बंद करणार, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

नथूभाऊ बनियन-लुंगीवर पायरीवर उभे. हिराशेठकडे न बघता मला म्हणाले, "बाय, त्याला सांग, बंद कर ता. मानूस वाजवतंय का मांजराच्या शेपटीवर पाय परलाय?"

हिराशेठ जागे झाले. मी निरोप सांगितला, खरं तर ऐकू त्यांना स्पष्ट आलं होतं. त्यांचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. पाहिलं मी ते. त्यांनी बंद केलं नाही.

"बाय, आयकला नाय का त्यानं?" नथूभाऊ म्हणाले आणि रागानं गल्ली ओलांडून आले. थेट ओट्यापाशी. वाकून स्पीकरला सांगायला लागले, की दम पोटातून घ्यायचा असतो, गालातून नाही, आणि सूर काय उधारीचा आहे का मधेच परत करायला. हिराशेठनी हळूच दुसरं चित्र दाबलं. नथूभाऊ म्हणाले, ह्यो पन नाय. तिसरं दाबलं. नाय. चौथ्याला निळं दार. नथूभाऊ बोलता बोलता गप्प झाले, ओट्याच्या कडेला टेकले, आणि दिवेलागण होईपर्यंत तिथेच होते. हिराशेठशी एक शब्द नाही. जाताना मला म्हणाले, येतो बाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना हिराशेठ माझी वाटच बघत होते. "बाय, येखादा चांगला वंगाल टेसन बग ना."

आता जगभर वाईट टेसनांचा शोध सुरू झाला. आणि वाईट शोधणं चांगल्यापेक्षा कठीण निघालं. अगदीच टाकाऊ लावलं तर नथूभाऊ खिडकी लावून घेत. ढोलकीचं यंत्र लावून वाजवलेलं त्यांच्या रागाच्याही लायकीचं नव्हतं. वाजवणारा असा पाहिजे, की ज्याला वाजवता आलं असतं, थोडक्यात राहून गेलं. असा वाजवणारा ऐकला की नथूभाऊंना घरात बसवत नसे. शेवटी असं एक टेसन मिळालं, बहुतेक कुठल्याशा कॉलेजातली मुलं चालवत असावीत. त्याच्या चित्रात पावसाचा थेंब होता. हिराशेठनी त्याचं नाव ठेवलं रडका.

मग रोजचा कार्यक्रमच ठरला. चार वाजले की रडका लागायचा. गल्ली कानावर हात ठेवायची. थोड्या वेळानं समोरचं दार आपटायचं, नथूभाऊ यायचे, रडक्याची हजेरी घ्यायचे, हिराशेठ सावकाश एकेक टेसन बदलत निळ्या दारापाशी पोचायचे आणि नथूभाऊ बसायचे. बोलणं चालायचं ते माझ्यामार्फत. बाय, त्याला सांग आवाज बारीक कर. बाय, त्याला विचार चहा घेनार का. दोघांमध्ये हातभर अंतर आणि मी समोर टपाल वाटत बसलेली. माझी भाजी निवडायची वेळच त्यांनी ठरवून टाकली. मी मुलीकडे पुण्याला गेले होते तेव्हा म्हणे गल्लीतल्या कुत्र्याला सांगायचे. हौसावहिनींनी स्वतः पाहिलं. कुत्रं बिचारं एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

एकदा मी हिराशेठना म्हटलं, "आता येतातच रोज, तर निळं दार आधीच का लावत नाही? आम्हाला कशाला त्या रडक्याची शिक्षा?"

ते म्हणाले, "चांगला लावला त घरातूनच आयकल त्यो. मानूस चांगल्याला येत नाय, बाय. त्याला यायला कायतरी कारन लागतं."

परवाच्या थंडीतली गोष्ट. चार वाजले, रडका लागला, आणि दार आपटलं नाही. हिराशेठनी आवाज वाढवला. तरी नाही. स्पीकर उचलून ओट्याच्या अगदी कडेला ठेवला. रिक्षावाला म्हणाला, शेठ, पुरे आता, सवारी पळून जाते. हिराशेठ त्याच्याकडे बघेचनात. तो मुलगा तिकडे सूर सोडत होता, धरत होता, सोडत होता, आणि समोरची खिडकी पूर्ण बंद.

शेवटी हौसावहिनीच बाहेर आल्या. सकाळपासून ताप आहे, म्हणाल्या, डॉक्टर येऊन गेला, छातीत कफ आहे म्हणाला, औषध दिलंय, पण पोटात काही जात नाही, तोंडच उघडत नाहीत.

हिराशेठनी रडका बंद केला.

मी घरात गेले आणि तांदळाची पेज टाकली. आजारी माणसाला तेवढंच उतरतं. पातेलं फडक्यात धरून गल्ली ओलांडायला निघाले तर मागे पावलांचा आवाज. हिराशेठ, हातात फोन. स्पीकर ओट्यावरच ठेवून आले होते. नथूभाऊंच्या पायरीपाशी ते थांबले. वैशालीच्या हळदीपासून या उंबऱ्यावर त्यांचा पाय पडला नव्हता. चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या, परत सरळ केल्या. मी म्हटलं, पेज निवतेय, चला. तेव्हा आत आले.

नथूभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन गोधड्या. हौसावहिनींनी खुर्ची पुढे केली, पण हिराशेठ खाटेजवळ खालीच बसले. फोन उशीपाशी ठेवला आणि निळं दार लावलं. अगदी बारीक. आधी कुठलंच दुसरं टेसन नाही, एकदम तेच. कुणीतरी संथ वाजवत होतं. नथूभाऊंचा पाय गोधडीतून बाहेर आलेला होता. मी अंगठ्याकडे बघत होते. हिराशेठही तिकडेच बघत होते. अंगठा हलत नव्हता.

मग हिराशेठ मला म्हणाले, "बाय, त्याला सांग, पेज पी म्हनावा."

मी वाटीत पेज काढत होते. ती फुंकत राहिले. ऐकू आलं होतं मला. पण रोज टपाल वाटणाऱ्यालाही कधी सुट्टी पाहिजे.

हिराशेठनी थोडी वाट पाहिली. मग खाटेच्या कडेला हात ठेवला आणि नथूभाऊंच्या पाठीकडे बघून म्हणाले, "पेज पी रं. बायनं आनलीय."

हौसावहिनी दाराशी होत्या त्या तिथेच खिळल्या. क्लॅरिनेट चाललं होतं. बऱ्याच वेळानं गोधडी हलली आणि नथूभाऊ या कुशीला वळले. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. हिराशेठकडे सरळ बघून म्हणाले,

"हिऱ्या, ह्यो नको लावू. ह्यो मी मेल्यावर लाव. मी कवापासून रडक्याची वाट बगतंय."

हिराशेठनी फोन उचलला आणि चित्रं सरकवायला लागले. मांजर गेलं, टोपी गेली, दिवा गेला. पुन्हा पहिल्यापासून. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बाहीनं काच पुसली. शेवटी माझ्या हातात दिला. थेंब पहिल्याच ओळीत होता.

मी दाबला. तोच मुलगा, तसाच सूर सोडणारा. ओट्यावर असता तर मी कानात बोटं घातली असती.

नथूभाऊ ऐकत राहिले. "बग," ते म्हणाले, "काल सांगितला तरी गालातनंच वाजवतंय. सुदरनार नाय ह्यो." आणि उठून बसायला त्यांनी हात पुढे केला, हिराशेठकडे.